मागचं लाकूड

मावशी आमच्या घरी आली की आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहायची. कारण मावशीला फळी दिसली की तिचे हात शिवशिवायला लागत. बोलता बोलता ती डबे पुढे ओढायची, उंच डबे मागे आणि बुटके पुढे लावायची, आणि मधे कुठे भगदाड दिसलं तर एखादं पातेलं पालथं घालून ते बुजवून टाकायची. ती गेल्यावर आठवडाभर आईला मीठ सापडायचं नाही. "अगं, हे घर आहे, तुझं दुकान नाही!" आई ओरडायची. "घर असलं म्हणून काय झालं? येणाराजाणारा बघतोच ना," मावशी म्हणायची. सख्ख्या बहिणी, पण फळीवरून त्यांचं जेवढं वाजलं तेवढं आजोबांच्या घराच्या वाटणीवरूनही वाजलं नाही.

मावशीचं लग्न झालं नाही. आई म्हणते जमलं नाही, मावशी म्हणते वेळ झाला नाही. ओळखीतले लोक म्हणायचे, तिचं लग्न दुकानाशीच लागलंय. मला हे वाक्य कधी आवडलं नाही. दुकानाने वागवलं तसं नवऱ्याने तिला वागवलं असतं तर चार माणसांनी जाऊन त्याला जाब तरी विचारला असता.

दुकानाला पाटीवर नाव होतं, पण आमच्या शहरात ते कोणी घेत नसे. सगळे "मोठं दुकान" म्हणत. चौकाच्या कोपऱ्यावरची पाच मजली इमारत. खाली अत्तरं आणि घड्याळं, वर कपडे, तिसऱ्यावर घरसामान, चौथ्यावर फर्निचर आणि सगळ्यात वर चहाची खोली, जिच्या खिडकीतून अख्खा चौक दिसायचा. अशीच दुकानं इतर शहरांतही होती आणि सगळी एकाच घराण्याची. मावशी तिसऱ्या मजल्यावर होती. चादरी, उशा, ब्लँकेटं, पडदे, कपबश्या. विक्रेती म्हणून लागली आणि पुढे मजल्याची प्रमुख झाली. पोरी तिला "बाई" म्हणत आणि तिच्या मागे तिची नक्कल करत.

तिच्या पहिल्या दिवसाची गोष्ट तिने मला इतक्या वेळा सांगितलीय की मीच तिथे हजर होतो असं मला वाटतं. त्या काळी थोरले मालक वर्षातून एकदा प्रत्येक शाखेत पाहणीला येत. ते नेमके त्याच दिवशी आले होते. त्यांनी या नव्या पोरीला एका फळीपाशी नेलं, दोन उशा बाजूला केल्या आणि मागे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

"लाकूड," मावशी म्हणाली.

"रंग का दिलेला नाही?"

मावशीने वाकून मागे बघितलं.

"रंग दिला तर तुम्हाला वाटेल, दिसलं तर दिसलं. म्हणून मी रंगवूच दिलं नाही. हे लाकूड ज्या दिवशी गिऱ्हाईकाला दिसेल त्या दिवशी दुकान बंद झालं म्हणून समजा."

आणि तिथून ते सुरू झालं. एखादी वस्तू विकली गेली की मागची वस्तू तिच्या जागी पुढे ओढायची. संध्याकाळी दारं लावायच्या आधी मजल्यावरची प्रत्येक बाई आपापल्या फळ्यांवरून हात फिरवायची आणि सगळा माल कडेला आणून उभा करायची. याला त्यांच्यात काही खास नाव नव्हतं, "पुढे ओढणं" म्हणायच्या. फळीत एकच रांग उरली असली तरी समोरून बघणाऱ्याला ती भरगच्च दिसली पाहिजे. मागे गोदामात माल असायचाच, सकाळी तो यायचा आणि मागची पोकळी भरून जायची. तोवर एका रात्रीची अब्रू झाकली की काम भागत होतं.

माझ्या लहानपणी मला त्या मजल्यावर जायला फार आवडायचं. मावशी ब्लँकेट विकायची ते बघण्यासारखं असे. ती भाव सांगायची नाही, गुण सांगायची नाही. घडी उलगडून सरळ माणसाच्या हातावर टाकायची आणि दुसरीकडे बघायला लागायची. माणूस आपोआप हात फिरवायला लागायचा. मग ती म्हणायची, "परत घडी घालू का?" फार थोडी माणसं हो म्हणत.

लोक म्हणतात, मोबाइलने मोठं दुकान मारलं. मी स्वतः मोबाइलवरून मागवलेला माल व्हॅनमधून घरोघर पोचवतो, त्यामुळे हा आरोप ऐकला की मी विषय बदलतो. पण खरं सांगायचं तर मी यायच्या आधीच ते दुकान आजारी होतं. थोरले मालक गेले. त्यांच्या मुलांना दुकानात रस नव्हता, विकण्यात होता. ज्यांनी घेतलं त्यांनी पहिलं काम काय केलं, तर इमारत तिसऱ्याच कोणाला विकून टाकली. म्हणजे काल जे दुकान स्वतःच्या छपराखाली होतं ते रात्रीत भाडेकरू झालं. विकून आलेला पैसा दुकानात आला का? छे. तो वरच्यावर गेला, आणि खाली उरलं ते भाडं. पुढे दुकान आणखी एकाला विकलं, त्याने आणखी कोणाला. प्रत्येक नवा मालक येताना नवी पाटी लावायचा आणि जाताना काहीतरी काढून न्यायचा.

आधी चहाची खोली बंद झाली. मग चौथा मजला. मग सरकता जिना बंद पडला आणि तो दुरुस्त न करता त्याच्यापुढे कुंड्या ठेवण्यात आल्या. आधी प्रत्येक शाखा आपला माल आपण निवडायची, कारण कुठल्या गावाला काय लागतं हे त्या गावातल्याच माणसाला ठाऊक. ते बंद करून मुख्य कचेरीतून सगळ्यांना एकच माल जायला लागला. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. आमचं शहर समुद्रापासून कुठल्या कुठे, तर आम्हाला किनाऱ्यावर वापरायच्या घडीच्या खुर्च्या आल्या. एकदा कप आले, बश्या आल्याच नाहीत. मावशीने बश्यांसाठी एवढे फोन केले की तिकडची मुलगी तिचा आवाज ओळखायला लागली. बश्या शेवटपर्यंत आल्या नाहीत. ते कप मावशीने लिहायच्या पेनांसाठी म्हणून विकले.

आणि हो, मोबाइलही आलाच. लोक मजल्यावर यायचे, ब्लँकेट हातावर घेऊन बघायचे, लेबलचा फोटो काढायचे आणि निघून जायचे. दोन दिवसांनी तेच ब्लँकेट माझ्या व्हॅनमध्ये असायचं. मावशीने मला कधी बोल लावला नाही. फक्त माझं नाव टाकून मला "गाडीवान" म्हणायला लागली. "काय गाडीवान, आज आमचं काय काय पोचवलंस?" असं म्हणायची आणि मला चहा द्यायची. ती हसायची, पण मला तो चहा जड जायचा.

हळूहळू गोदामातून येणारा माल आटला. माल देणाऱ्यांना नव्या मालकांचा भरवसा वाटेना. सकाळी पोकळी भरायला काही नसायचं. मग पुढे ओढलेल्या रांगेच्या मागे मावशीने रिकामी खोकी ठेवायला सुरुवात केली. नंतर समोरची रांगही संपायला लागली तेव्हा समोरच रिकामी खोकी आली, वर एक खरी वस्तू. टॉवेलांच्या थप्पीत आत पुठ्ठा, बाहेरून एक टॉवेल गुंडाळलेला. उशांच्या ढिगात खऱ्या उशा वरच्या, खालच्या अभ्र्यांत रद्दी कागद. यात तिचा हात एवढा बसला की दुसऱ्या मजल्यावरच्या बायका तिला बोलवायला यायच्या. "बाई, आमचे शर्ट जरा बघता का?" मग ती जायची आणि मूठभर शर्टांतून कपाट उभं करून यायची.

लिफ्ट चालवणारे दादा तिच्याच बरोबरीचे, जवळपास एकाच काळात लागलेले. तिला अहोजाहो करत, पण बोलायला भीत नसत. ते म्हणायचे, "बाई, बडा घर पोकळ वासा."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, दादा," ती उलट म्हणायची.

"मूठ झाकलेली आहे हो. पण आत काही आहे का, ते तरी अधूनमधून बघा."

अशातच एका पानझडीत बातमी आली. कचेरीने काही शाखा बंद करायचं ठरवलं होतं आणि त्याआधी प्रत्येक शाखेत पाहणीला माणूस येणार होता. कागदावर एवढंच होतं, "पाहणी होईल." बाकीचं लोकांनी आपल्या मनाने भरलं. चांगल्या शाखा ठेवणार, वाईट काढणार, असं सगळे धरून चालले.

त्या संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली तेव्हा तिने एकाही डब्याला हात लावला नाही. आईने विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तर म्हणाली, "दुकान गेलं तर मी कुठे जाऊ, सांग मला. निवृत्तीला अजून अवकाश आहे आणि या वयात नवी नोकरी कोण देणार? मला दुसरं काही येत नाही. आणि पोरी आहेत माझ्या मजल्यावर, दोघी तर घरात एकट्या कमावत्या." आई म्हणाली, "आमच्याकडे ये राहायला." मावशी म्हणाली, "आणि तुझे डबे लावत बसू?" दोघी हसल्या, पण आई नंतर बराच वेळ भांडी घासत राहिली.

मावशीने लढायचं ठरवलं. तिच्या मते पाहणी म्हणजे थोरल्या मालकांची पाहणी. ते यायचे, फळ्या बघायचे, भरलेल्या दिसल्या की खूश व्हायचे आणि त्या मजल्याचं कौतुक सगळ्या शाखांत पोचायचं. आता तिला तेच करून दाखवायचं होतं. फक्त मजला मोठा होता आणि माल जवळजवळ संपलेला.

तिने मला फोन केला. "गाडीवान, तुमच्याकडे रिकामी खोकी असतात ना रे?"

आमच्या गोदामात रिकाम्या खोक्यांचा डोंगर असतो. मी सुट्टीच्या दिवशी व्हॅन भरून नेली. ज्या कंपनीने तिचं गिऱ्हाईक पळवलं, तिच्याच खोक्यांनी आम्ही तिचा मजला भरला. मावशी खोकं उलगडायची, आतली बाजू बाहेर करून परत चिकटवायची, म्हणजे आमचा शिक्का आत जायचा, आणि वर दुकानाचं लेबल लावायची. सगळ्या पोरी कामाला लागल्या होत्या. हसत होत्या, एकमेकींच्या केसांना चिकटपट्टी लावत होत्या. खूप दिवसांनी त्या मजल्यावर गडबड होती आणि मला ते बघून बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

लिफ्टदादा दारात उभे राहून बघत होते. "बाई, एक बोलू? आजारी माणसाने डॉक्टरसमोर पावडर लावून बसायचं नसतं."

"डॉक्टर नाही तो, पाहुणा आहे," मावशी म्हणाली. "पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नसतं."

"तुम्ही गेले कित्येक महिने ब्लँकेटं मागताय. येणाऱ्याला रिकामी फळी दाखवा आणि सांगा, ही बघा, इथे ब्लँकेटं पाहिजेत."

मावशी खाली बसली होती ती उठून उभी राहिली. "रिकामी फळी? माझ्या मजल्यावर? दादा, तुम्ही लिफ्ट चालवा."

दादा गेले. ते बरोबर बोलले होते, पण त्या दिवशी मीही मावशीच्याच बाजूने होतो. तिथे उभं राहून तो मजला बघितला असता तर तुम्हीही असता. संध्याकाळी दिवे लावल्यावर तो थेट माझ्या लहानपणीसारखा दिसत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही लाकूड दिसत नव्हतं.

पाहणीवाले साहेब तरुण होते. हातात टॅब, पायांत पांढरे बूट, बोलायला गोड. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर शिव्या घालायला सोपं गेलं असतं. त्यांनी मजल्यावरून एक फेरी मारली आणि प्रत्येक फळीचा समोरून फोटो काढला. "वा, मॅडम! एवढा भरलेला मजला मी दुसऱ्या कुठल्याच शाखेत बघितला नाही." एकाही खोक्याला त्यांनी हात लावला नाही. थोरले मालक दोन उशा बाजूला करून मागे बघायचे, पण ते मावशीला त्या क्षणी आठवलं नाही. तिचा चेहरा असा फुलला होता म्हणे की दादांनाही वाटलं, आपलंच चुकलं.

दोन आठवड्यांनी मॅनेजरसाहेबांनी तिला खोलीत बोलावलं. कचेरीने थंडीचा माल वाटला होता. कुठून तरी एक शेवटचा मोठा साठा मिळाला होता, ब्लँकेटं, रजया, हीटर, आणि तो कोणत्या शाखांना द्यायचा हे ठरवण्यासाठीच ती पाहणी होती. संगणकातला आकडा आणि फळीवरचा माल यांचा कित्येक दिवसांत मेळ नव्हता, म्हणून त्यांनी डोळ्यांनी बघायला माणूस पाठवला होता. ज्या शाखा रिकाम्या दिसल्या त्यांना माल गेला. आमच्या शाखेबद्दल लिहिलं होतं, साठा भरपूर, नवीन मालाची गरज नाही, आहे तो विका.

मावशी म्हणाली, "मी त्यांना खरं सांगते."

"बाई, नका सांगू," मॅनेजरसाहेब म्हणाले. "संगणक म्हणतो माल आहे, त्यांचे फोटो म्हणतात माल आहे. तुम्ही म्हणणार, नाही. मग ते पहिला प्रश्न काय विचारतील?"

पण थंडी तोंडावर होती. ब्लँकेटांशिवाय तिसरा मजला म्हणजे संपलंच, हे तिला कळत होतं. तिने स्वतःच फोन लावला. थोरल्या मालकांची शिकवण तिने पहिल्यांदा मोडली आणि परक्या माणसाला मागचं लाकूड दाखवलं. "साहेब, ती खोकी रिकामी आहेत. मीच रचलीत."

पलीकडे साहेब हसले. "मॅडम, माझ्याकडे फोटो आहेत."

"फोटो समोरून आहेत, साहेब. मागे काही नाही."

आणि मग, मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं तसंच, "मग माल गेला कुठे?"

माल कुठे जाणार? अर्धा कधी आलाच नव्हता, कागदावरच आला होता. पण चौकशीला जे आले त्यांनी खोकी फोडली आणि आतल्या बाजूला त्यांना आमच्या कंपनीचा शिक्का दिसला. बाईंचा भाचा पार्सलची व्हॅन चालवतो, हे कोणीतरी सांगितलंच. झालं. तीसेक वर्षं त्या दुकानात घालवलेल्या बाईची पिशवी रोज संध्याकाळी दारावर उघडून बघायला लागले. तिच्या मजल्यावरच्या पोरींच्याही. मला माझ्या गोदामात दोनदा बसवून विचारलं. मी टेबलावर हात आपटला, नोकरी जाता जाता राहिली. मावशी मात्र दारावरच्या माणसासमोर पिशवी स्वतःच उघडायची आणि आतला डबा, चष्मा, रुमाल एका ओळीत मांडून ठेवायची.

काही सिद्ध झालं नाही. पण "त्या शाखेत गोंधळ आहे" असं एक वाक्य कचेरीत फिरलं आणि बंद करायच्या यादीत आमची शाखा सगळ्यात वर गेली. ज्या शाखांना ब्लँकेटं गेली त्या तरी वाचल्या का? नाही. त्या पुढच्या थंडीपर्यंत टिकल्या आणि मग त्याही गेल्या. मावशीने खोकी रचली नसती तर एक हिवाळा जास्त मिळाला असता, बस. पण हे मी तिला कितीही समजावलं तरी तिच्या डोक्यात शिरत नाही. तिच्या मते दुकान तिने घालवलं. मला याचा इतका राग येतो की सांगता येत नाही. ज्यांनी इमारत विकली, माल आटवला, जिन्यापुढे कुंड्या ठेवल्या, त्यांच्यातला एकही माणूस असं म्हणाला नाही.

शेवटच्या विक्रीच्या लाल पाट्या लागल्या आणि लोकांची रीघ लागली. वर्षानुवर्षं न फिरकलेली माणसं आली. "अरेरे, आमचं लहानपण इथे गेलं हो," म्हणायची, आणि त्याच दमात, "आणखी थोडं कमी नाही का होणार?" मावशी फळ्यांमधून फिरत होती आणि माल पुढे ओढत होती. ती ओढायची आणि लोक उचलायचे. एका बाईने एक खोकं उचललं, हलवलं, उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रिकामं! शेवटच्या दिवशीसुद्धा फसवता होय?" मावशीने खोकं तिच्या हातातून घेतलं, झाकण लावलं आणि परत फळीवर ठेवलं, लेबल समोर करून.

संध्याकाळी फळ्या विकत घेणारे आले आणि त्यांनी उरलेलं सगळं एका हाताने जमिनीवर लोटलं. लाकूड दिसलं, सगळीकडे एकदमच. मावशी तिथे थांबली नाही. दादांनी तिला लिफ्टने खाली आणलं. सवयीने ते मोठ्याने "तळमजला" म्हणाले, आणि मग दोघांनाही लिफ्टमधून बाहेर पडवेना.

त्यानंतर तिने काम शोधलं. एका चकचकीत दुकानात तिला वय विचारलं आणि पाणी पाजून परत पाठवलं. मी तिला आमच्या गोदामात लावलं. तिथे माल कसा असतो तर एका कप्प्यात साबण, त्याच्याच शेजारी चप्पल, त्यावर पुस्तक. यंत्र सांगतं, माणूस उचलतो. बघायला कोणी येत नाही, म्हणून फळीला तोंडच नाही. मावशी साबण उचलायला जायची आणि कप्प्यातलं बाकीचं सरळ करून यायची. मुकादम म्हणाला, "आजी, हात चालवा, मांडू नका." तिला ते जमलं नाही. आठवडाभरात तिला काढलं. मी मुकादमाशी भांडलो आणि मग परत व्हॅन काढली, कारण माझं घरही त्याच पगारावर चालतं.

ती दोन खोल्यांत एकटी राहते, लाकडी जिन्याच्या वर. मी आठवड्यातून एकदा डोकावतो. दर वेळी विचारतो, "काही आणू का?" आणि ती दर वेळी म्हणते, "काही नको रे बाबा, सगळं भरलेलं आहे." स्वयंपाकघराची फळी समोरच दिसते. डबे एका ओळीत, उंच मागे, बुटके पुढे, पाकिटं ताठ उभी. मी बघायचो आणि निश्चिंत होऊन जिना उतरायचो. आईलाही सांगायचो, तिची काळजी करू नकोस, फळी भरलेली आहे.

परवा गेलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. मावशी ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसली होती आणि खोकत होती. म्हटलं, "तू बस, आज चहा मी करतो."

"नको, नको. मी उठते," ती म्हणाली, पण खोकल्याने तिला उठू दिलं नाही.

मी चहाचा डबा काढला. तो हातात इतका हलका आला की मी उघडायच्या आधीच समजलो. साखरेचा डबा काढला. मग तांदळाचा, मग पिठाचा. बिस्किटाचं पाकीट काढलं, आत घडी केलेला पुठ्ठा होता. त्यांच्या जागी, त्यांच्या मागे, भिंतीला लावलेलं साधं लाकूड होतं.

खोकला थांबला होता. मागून मावशी म्हणाली, "गिऱ्हाईक मागे हात घालत नाही, गाडीवान."

"मी गिऱ्हाईक नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "आणि फोटो काढून जाणारा साहेबही नाही. किती दिवस असं चाललंय?"

ती उठली, ब्लँकेट तसंच अंगावर घेऊन माझ्याजवळ आली आणि उरलेले डबे स्वतःच एकेक करून खाली काढायला लागली. मी मदत केली. सगळी फळी रिकामी झाली तेव्हा ती त्या लाकडाकडे बघत उभी राहिली. "बघ, यालाही रंग दिलेला नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. दुकान बंद झालं तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

मी दारामागची पिशवी घेतली आणि जिना उतरायला लागलो. अर्ध्यावर असताना वरून तिची हाक आली.

"साखर विसरू नकोस."